छापखान्याची वेबसाइट

त्या वर्षी लग्नसराई तोंडावर आली तरी गोंदियातल्या आमच्या छापखान्यात शुकशुकाट होता. लोक पत्रिका रायपूरहून, नागपूरहून छापून आणायला लागले होते. बाबा तरीही रोज सकाळी शटर उघडून बसायचे आणि मला ते बघवत नसे. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. वेबसाइट झाली तर गिऱ्हाईक परत येईल, नाहीतर दुकान गेलं, एवढं एकच डोक्यात होतं. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, नागपूरचा डिझायनर बोलाव. तुझ्या हातचं कोण पाहून राहिलं?" मी चिडून स्वतःच करायला बसले.

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पत्रिकेचं प्रूफ तपासावं तशी वेबसाइट तपासू लागले. वर गणपती हवा. कोपऱ्यांत हळदीकुंकवाची बोटं हवीत. मग आधी मोठे बाबांचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचं नाव. मोठे बाबांनी जन्मात कधी छापखान्याची पायरी चढली नव्हती! त्यांच्याखाली सगळे काका वयानुसार. फोन नंबर अगदी तळाशी, कारण पत्रिकेत पत्ता तळाशीच असतो.

"बाबा, हे लग्न नाहीये!"

"असू दे. लोकं आपल्या दारी येऊन राहिले, तं घरचा मोठा कोन हे आधी दिसाले पायजे."

माझं डोकं सणकलं. "मग करा तुम्हीच," म्हणून मी उठले, आणि भावाने डिझायनरला फोन लावला.

डिझायनरचं काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पांढरंशुभ्र पान, नथ घातलेली नवरी, खाली फॉर्म: नमुना निवडा, मजकूर भरा, ऑर्डर द्या. गणपती नाही, काका नाहीत. बाबा नुसतं "चांगली हाये" म्हणाले. मी मात्र दिवसभर तेच पान उघडायची, बंद करायची, ऑर्डर आली का बघायला जेवणावरून उठायची. आई वैतागली. "काऊन अशी नाचून राहिली? बस ना एका जागी."

शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी गावाहून एक ऑर्डर आली. मी उड्याच मारल्या. मजकूर नवरीच्या पुण्यात शिकणाऱ्या भावाने भरला होता. काही विचारावं तर समोर कोणी बसलेलं नव्हतं. आम्ही तो जसाच्या तसा छापून पाठवला.

काही दिवसांनी नवरीचे वडील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दारात उभे. नवरीच्या मोठे बाबांचं नावच पत्रिकेत नव्हतं. ते रुसून बसले होते, मांडवात पाय ठेवणार नाही म्हणत होते.

"पोरानं भरलं, त्याले काय समजते," नवरीचे वडील बाबांना म्हणाले. "पण भाऊ, मी इथं आलो असतो तं तुमी इचारलं असतं."

खरंच होतं ते. बाबा गिऱ्हाइकाला चहा द्यायचे आणि आधी हेच विचारायचे, की घरात मोठं कोण आणि कोणाचं नाव राहिलं तर बोलणं बंद होईल. मजकूर त्यानंतर. त्या दिवशी त्यांनी पत्रिका लगेच नव्याने छापल्या, पहिलीला हळदकुंकू लावलं आणि ती घेऊन नवरीच्या वडिलांबरोबर स्वतः सडक अर्जुनीला गेले.

मला घरात चैन पडेना. डिझायनरला फोन करून सांगितलं, हा प्रश्न फॉर्ममध्ये घाला. तो म्हणाला, "मॅडम, फॉर्म जितका छोटा तितका बरा. असं काही विचारलं की लोक पळतात."

संध्याकाळी बाबा परतले. नवरीचे मोठे बाबा लग्नाला येणार होते. मी डिझायनरचं बोलणं त्यांना सांगितलं आणि म्हटलं, "जाऊ द्या. तुम्ही आहात ना विचारायला."

बाबांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"मी नसल्यावर कोन इचारन?" ते म्हणाले. "फॉर्मात टाकून दे ते. तूच टाक."

मला एकदम रडू आलं, आणि रागही आला. कोणाचा, ते कळेना. मी डिझायनरला पुन्हा फोन लावला आणि वेबसाइटचा पासवर्ड मागितला.