फेटा बांधल्यावर डावा हात

कुंदाची लाठी शेजारच्या विमलच्या बोटांवर बसली आणि विमल कळवळून खालीच बसली. त्या आठवड्यातला हा काही पहिला फटका नव्हता. चिटणीस परुळेकर नेमके हॉलच्या दारात उभे.

"बाई, हे लाठीशिक्षण आहे की मारामारी?"

"बघते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लालबागच्या आमच्या व्यायामशाळेत मला नुकताच फेटा बांधला होता, म्हणजे मी रीतसर वस्ताद झाले होते. बाबूराव वस्तादांनी वय झालं म्हणून मुलींचा वर्ग माझ्या हवाली केला. शिकायचं संपलं, आता शिकवायचं तेवढं उरलं, अशा तोऱ्यात मी होते. परुळेकरांना मात्र आमची वेळ टेबल टेनिसला हवी होती.

"वार्षिक प्रात्यक्षिकं नीट झाली तर वर्ग चालू राहील," ते म्हणाले. "एखादीचं डोकं फुटलं तर आईबापांना मी काय सांगू? बाहेर काय कमी चाललंय?"

बाहेर संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते. जमावबंदी होती. रस्त्यात हातात काठी दिसली की पोलीस हटकायचे. त्यामुळे मुलींना लाठ्या घरी नेता येत नव्हत्या, जो काही सराव तो हॉलमध्येच. गिरणी कामगारांच्या या मुली. शाळा आणि घरकाम सोडून त्यांना स्वतःची अशी हीच एक वेळ मिळायची. ती मी सुखासुखी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना वार करायला लावले आणि स्वतः नुसती बघत बसले. लाठीत तमाचा म्हणजे समोरच्याच्या डाव्या गालावर येणारा वार. तो आपल्या उजवीकडून सुटतो. इथे एक मुलगी उजवीकडून मारत होती, तिची शेजारीण डावीकडून. मग दोन लाठ्या मध्ये भेटणारच, आणि बोटं सापडणारच.

घोळ माझ्या उभं राहण्यात होता. बाबूराव वर्गाकडे पाठ करून शिकवायचे. ते उजव्या हाताने मारत, मागच्या मुली बघून उजव्यानेच मारत. चुका टिपायला मी मागे उभी असायचे. आता मागे कुणीच नव्हतं, म्हणून मी वर्गाकडे तोंड केलं होतं. माझा उजवा हात समोरच्या मुलीला तिच्या डाव्या बाजूला दिसायचा. काहीजणी मनातल्या मनात बाजू बदलून घ्यायच्या, बाकीच्या दिसेल तसं करायच्या. आरशात बघून वेणी घालणाऱ्या बाईला तरी हे कळायला हवं होतं!

उपाय एकच. मी सगळे वार डाव्या हाताने करून दाखवायचे. समोरून बघणाऱ्यांना ते बरोबर उजवीकडे दिसतील.

डाव्याने पहिल्यांदा लाठी फिरवली ती माझ्याच नडगीवर बसली. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत लाठी नेणं शक्य नव्हतं. पण उंच दोरीवर कपडे टाकायची काठी घरोघरी होती, आणि तिच्यावर बंदी घालणारं सरकार अजून जन्माला यायचं होतं. सकाळी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी गॅलरीत हात चालवू लागले. सासूबाई मालवणकडच्या. दोन दिवस त्यांनी सोसलं.

"गो, कपडे वाळत घालतंस काय छप्पर पाडतंस?"

"हात बसवतेय, आई."

"फेटो बांधलो ना तुका? मगे आता कसलो हात बसयतंस?"

शेजारणी हसायच्या. मला लाज वाटायची, चीडही यायची. फेटा वस्तादाचा आणि हात नवशिकीचा! पण हळूहळू मनगट सुटलं, पाय बसले, आणि वर्गातली बोटं शाबूत राहू लागली.

प्रात्यक्षिकांच्या दिवशी हॉल गच्च भरला. परुळेकर पहिल्या रांगेत, शेजारी बाबूराव. मी मुलींकडे तोंड करून उभी राहिले, उजव्याने सलामी दिली आणि लाठी डाव्यात घेऊन हुकूम दिला. पहिले वार छान झाले. मग गर्दी बघून कुंदा गांगरली. तिची लाठी डाव्या बाजूला वळली, आणि त्याच बाजूला विमल उभी.

"कुंदा, माझ्याकडे बघ!"

मी डाव्याने तमाचा मारला. तिने बघितलं, लाठी ओढून उजवीकडे घेतली आणि वार सोडला. रांग जुळली. शेवटपर्यंत लाठीला लाठी लागली नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा कुठे मी लाठी खाली टेकवली.

परुळेकर उठून आले. "वर्ग चालू द्या, बाई. टेबलासाठी दुसरी वेळ बघतो."

त्यांच्यामागून बाबूराव आले. मी वाकून नमस्कार केला.

"शालन, डावा कधी बसवलास गं?"

"फेटा बांधल्यावर, वस्ताद."

"चांगला बसलाय." शाबासकी समजून मी मान वर केली, तोवर ते पुढे म्हणाले, "आता उजव्याकडे बघ. ढिला पडलाय."

खरंच पडला होता. बढती म्हणजे सुटी असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुसरा कुठलाही धंदा करावा, लाठी शिकवू नये.