रूप बाहेरचं, चाल घरची

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. नाना असते तर डोळे मिटून म्हणाले असते, "अं... अंधारात अक्षर कोणाला दिसतं? तू सांग."

डोळे मिटायची नानांना सवयच होती. चारचौघांत बोलताना पहिला शब्द त्यांच्या ओठाशी अडकायचा. मग ते डोळे मिटायचे आणि ढकलल्यासारखा शब्द बाहेर यायचा. धरणगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं ते असंच. मागच्या बाकावरची पोरं नक्कल करायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं येत असतं, पण भाजीवालीला भाव विचारायचं टाळतात.

अंधारात मात्र नाना कधीच अडखळले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी फुगवायचं तारांगण घेतलं. काळ्या कापडाचा घुमट, पंखा लावला की खोलीएवढा फुगतो. कापडी बोगद्यातून रांगत आत जायचं. आतलं यंत्र वर तारे पाडतं. दिवा गेला की नानांचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा सुटायचा.

जळगाव-धुळ्याच्या शाळांतून आम्ही ते फिरवायचो. आम्ही म्हणजे आधी तिघं. माझा नवरा टेम्पो चालवायचा. मी कापड शिवायची, मुलांच्या चपला लावायची आणि बोगद्याच्या तोंडाशी पडदा धरून बसायची, हवा जाऊ नये म्हणून. शिरपूरकडून आम्ही नवरा-बायको कामाला आलो होतो. नानांच्या घरामागच्या खोलीत राहायचो. एक दिवस नवरा सुरतला गेला तो गेलाच. तिकडे त्याचं दुसरं घर झालं असं कळलं. मला माहेर उरलं नव्हतं.

नाना मला जा म्हणाले नाहीत, राहा असंही म्हणाले नाहीत. सकाळी घुमट पुढ्यात टाकला आणि डोळे मिटले. "इ... इथं उसवलंय."

एकदा एका शाळेचे जाडजूड हेडसर बोगद्यात अडकले. पुढे जाईनात, मागे येईनात. आतून नाना म्हणाले, "सर, पोट आत घ्या आणि पद बाहेर ठेवा." मुलं इतकी हसली की घुमट हलला. हेच उजेडात बोलायला त्यांना सकाळची दुपार झाली असती.

त्यांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे मंगळाचे दोन चंद्र. चिमुकले, बटाट्यासारखे वेडेवाकडे.

"वाटेनं जाणारा दगड ग्रहाजवळ आला म्हणून अडकत नाही," नाना सांगायचे. "आला तसा निघून जातो. त्याचा वेग कोणीतरी काढून घ्यावा लागतो. कधी दोन दगड जोडीनं येत असतील. एक वेग घेऊन पळतो, दुसरा मागे राहतो."

हे आलं की मी पडद्याची कड घट्ट धरायची.

"गुरूचे कितीतरी लहान चंद्र उलटे फिरतात. ते बाहेरून आलेले असावेत. मंगळाचं मात्र कोडं आहे. त्याचे चंद्र दिसतात भटक्या दगडांसारखे, काळे, ओबडधोबड. पण फिरतात सरळ, गोल, मंगळाच्या पोटावरून, म्हणजे विषुववृत्तावरून. बाहेरचा सहसा असा फिरत नाही. म्हणून काही जण म्हणतात, मंगळावरच काहीतरी मोठं आदळलं, तुकडे उडाले, त्यातून हे झाले. रूप बाहेरचं, चाल घरची."

"मग खरं काय सर?"

"माहीत नाही. त्या चंद्रांवरची माती आणायला यान पाठवणार आहेत. माती आली की कळेल. तेवढं ऐकायला मी थांबलोय."

नानांनी लग्न केलं नव्हतं. घरात थोरली बहीण होती, सगळे तिला अक्का म्हणायचे. माझा नवरा निघून गेल्यावर अक्का रोज जेवताना माझ्याकडे बोट करून नानांना एकच विचारायची, "हाई तुन्ही कोन लागस? लोके बोलतस. काय ते एकदा सांगी टाक." मी पोळी वाढत असायची. नाना डोळे मिटायचे. ओठ हलायचे. मी तवा उतरवून कान देऊन उभी राहायची. शब्द काही यायचा नाही, ते उठून हात धुवायचे. मला फक्त तो शब्द हवा होता. कोणताही चालला असता.

एकदा शिरपूरच्या शाळेत अक्काही आमच्याबरोबर आली आणि घुमटात मुलींमध्ये बसली. मंगळाची गोष्ट संपली तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, ते बाहेरचे निघाले तर त्यांना घालवून देतात का?"

अंधारातून नानांचा आवाज आला.

"कोण घालवणार? कुठून आले ते ठाऊक नाही. पण कोणाभोवती फिरतात ते दिसतंय ना? मग ते त्याचेच."

एकही अक्षर अडखळलं नाही. ते मुलीला सांगितलं, अक्काला की मला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उजेडात विचारावं लागलं असतं.

हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, घरच्या बायका आत बसल्या. मला कुठं बसावं कळेना, म्हणून मी दाराशी लोकांच्या चपला लावत बसले. एका पाहुणीनं माझ्याकडे बघून अक्काला विचारलं, "हाई कोन शे व?"

अक्कानं क्षणभर डोळे मिटले. अगदी नानांसारखे. माझा हात चपलेवरच राहिला.

"कामले व्हती," अक्का म्हणाली. कामाला होती, एवढंच.

घुमट आता धुळ्याच्या एका शाळेला दिलाय. मलाही महिनाअखेर मागची खोली मोकळी करायची आहे. न्यायच्या आधी टाके बघून दे, असं अक्कानं सांगितलं, म्हणून काल दुपारी मी अंगणात पंखा लावला आणि रांगत आत गेले. यंत्र नव्हतं. तरी माझ्याच सुईच्या भोकांतून ऊन आत येत होतं, बारीक बारीक. एका ठिगळाशी दोन ठिपके शेजारी शेजारी होते.

मी चारचौघांत कधी बोलत नाही. तिथं मोठ्यानं बोलले, "कोणाभोवती फिरतात ते दिसतंय ना? मग ते त्याचेच."

मग बाहेर हात काढून पंखा बंद केला. घुमट हळूहळू खाली येऊन माझ्या अंगावर बसला. मंगळाच्या चंद्रांची माती अजून आलेली नाही.