खोका फाटलेल्या बाटल्या

अकरा मार्च. दवाखान्यातल्या संशोधन-अभ्यासात एक्केचाळीस मुलंमुली. या घरात जीव दोन.

आई एकवीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला ती पायरीवरूनच वाटेला लावी. मालक तिला थट्टेने 'न्यायाधीश' म्हणत. लेक सतरा वर्षांची, घरातलं नाव ढब्बू, वजन ब्याण्णव किलो. सोनोग्राफीत तिच्या यकृतात चरबी साठलेली दिसली, तेव्हा आई डॉक्टरीणबाईंसमोरच म्हणाली होती, "हिच्या तोंडाला कुलूपच नाही हो. हावरट आहे." लेकीने मान खाली घातली होती. तिला सवय होती.

लठ्ठ मुलांच्या आतड्यातले जिवाणू आणि यकृत यांचा काय संबंध असतो, ते शोधणाऱ्या अभ्यासात बाईंनी तिला घेतलं. त्यासाठी शौचाचा नमुना न्यायचा होता. सकाळी डबी पिशवीत ठेवताना ढब्बू म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे एवढ्या आशेने काही मागितलंय, आई. आणि मागितलं काय, तर हे!"

"पुरे. बर्फ घातलास का?"

आईला हसू आलं नाही. आठवडाभर तिच्या मनात अभ्यासाच्या अर्जातला नववा प्रश्न घोळत होता: पहिल्या तीन वर्षांत अँटिबायोटिक किती वेळा दिलं? तिने लिहिलं होतं, 'एकदा'.

दुकानात एक रिवाज होता. खोका फाटलेली बाटली कंपनी परत घेत नसे; ती कामगारांत वाटली जाई. त्या वर्षांत आईने कितीतरी बाटल्या घरी नेल्या. पोर शिंकली की पाळणाघर तिला घेत नसे, आणि रजा घेतली की पगार कापला जाई. म्हणून नाक वाहायला लागलं की दुसऱ्या दिवशी गोड गुलाबी औषधाचा चमचा. तीन दिवसांत पोर हसू लागली की बाटली बंद. बाहेर जो कायदा ती पाळत होती, तो तिच्या उंबरठ्याआत कधी आलाच नाही.

दवाखान्यात बाईंनी अर्ज पुन्हा वाचायला घेतला. "नऊ. एकदा. बरोबर ना?"

"हो," आई म्हणाली.

"खात्रीने सांगा हं. मुलं एक्केचाळीसच आहेत. एक उत्तर चुकलं तरी निष्कर्ष झुकतो."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ढब्बू, जरा बाहेर बस."

"का? पोट माझं, यकृत माझं, आणि बाहेरही मीच बसायचं?"

मग आईने लेकीसमोरच सांगितलं. बाटल्या, पाळणाघर, चमचे, सगळं. बाईंनी आकडा विचारला. अकरा असतील, कदाचित पंधरा. तिने कधी मोजलंच नव्हतं.

"त्याच औषधांमुळे हिला हे झालं, असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "आतड्यातले जिवाणू त्या औषधांनी बदलतात, हे माहीत आहे. तो बदल टिकतो का, यकृतापर्यंत पोहोचतो का, तेच शोधतोय. खाणं, झोप, हालचाल, आनुवंशिकता, कारणं पुष्कळ असतात." त्यांनी 'एकदा' खोडून लिहिलं: 'दहाहून अधिक, अंदाजे'.

जिन्यात ढब्बू थांबली. दोन मजले उतरून तिला धाप लागली होती.

"म्हणजे सगळं बिस्किटांमुळे नव्हतं?"

"सगळं नसेल."

"आणि हे तुला ठाऊक होतं?"

"शंका होती. अर्ज भरताना आली."

"मग परवा बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून किल्ली घेऊन का गेलीस?"

 आईने हात पुढे केला. लेकीने कठड्याचा आधार घेतला आणि एकेक पायरी उतरत गेली.

अर्जातली नोंद दुरुस्त झाली. कपाटाची किल्ली त्याच संध्याकाळी टेबलावर आली. 'हावरट' हा शब्द आईने अजून परत घेतलेला नाही.