दिसली का बॅटरी?

माझ्या मायच्या डोळ्यांची गोष्ट सांगायची तर ती बॅटरीपासूनच सांगावी लागते. तिचे डोळे जात होते तेव्हा आम्ही बापलेक बॅटऱ्याच तपासत बसलो होतो. आता तिला दिसतं ते नळीतून पाहिल्यासारखं, समोरचं तेवढं. बाजूचं गेलं, ते परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. राहिलंय ते टिकवायला रोज थेंब टाकायचे.

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. शेलूबाजारला रस्त्यालगत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मोटारीचे स्टार्टर, पंखे, वायर असलं सगळं, पण हिवाळ्यात खपतात त्या बॅटऱ्या. हरभऱ्यात डुकरं घुसतात, तुरीत रोही म्हणजे नीलगाई घुसतात, आणि मोटारीची थ्री फेज लाइन रात्रीच आली की माणसाला अंधारात ओलीत करायला जावं लागतं. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती लांब फेकते?"

गाव तिथून जवळच. आमचं वावर गावाच्या खाली, नाल्यापलीकडे. तिथला एक धुरा, म्हणजे बांध, उंच आहे आणि त्यावर उभं राहिलं की आमच्या घराचा स्लॅब सरळ समोर दिसतो. दिवसभराचं काम आटोपून, डुकरांची पहिली चक्कर हाकलून, बाबा दिवेलागणीनंतर त्या धुऱ्यावर चढायचे आणि घराकडे बॅटरी हलवायचे. माय स्लॅबवर उभी असायची. बॅटरी दिसली की ती जिन्यातला बल्ब एकदा लावून विझवायची, म्हणजे बाबांना कळायचं की दिसली. मग ते चालायला लागायचे आणि माय खाली येऊन तवा ठेवायची. बाबा दारात पाय धुवेपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. गार भाकर पुढे आली तर बाबा तोंडानं काही बोलत नाहीत, पण पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवतात.

मोबाईल दोघांकडेही आहेत. मी एकदा म्हटलं, "बाबा, फोन करत जा ना सरळ." तर म्हणाले, "भाकर टाक म्हणून फोन करू? लोक हासतीन ना बे." खरं कारण लाजेचं नव्हतं असं मला आता वाटतं. लग्न झाल्यापासून ती दोघं एकमेकांशी गोड म्हणून जे काही बोलली असतील, ते एवढंच होतं. बाकी सगळं बोलणं ढेप, सरकी आणि पाहुण्यांचं.

तेव्हा बाबांकडे पत्र्याची जुनी दोन सेलची बॅटरी होती. पिवळा उजेड, आणि डोक्यावर एक थाप दिल्याशिवाय लागत नसे. एका हिवाळ्यात बाबा घरी आले तर चुलीपुढे कोणी नाही. माय वर स्लॅबवरच.

"काय व, तवा नाही ठेवला? केव्हाची बॅटरी दाखवून राह्यलो मी."

"मले नाई दिसली. तुमची ते बॅटरी मेली असन."

बाबांनी दुसऱ्या दिवशी सेल बदलले. तरी कधी दिसे, कधी नाही. मग त्यांनी ती बॅटरी माझ्या दुकानात आणून आपटली. झालं. मला तेवढंच निमित्त हवं होतं.

मी त्यांना लांब फेकणारी दिली. खोल वाटीसारखा आरसा आणि मधे मोहरीएवढा एलईडी. असली बॅटरी उजेड पसरू देत नाही, दोरीसारखा सरळ सोडते. दुकानामागे मोकळी जागा आहे आणि तिच्यापलीकडे एका गोदामाची पांढरी भिंत. अंधार पडला की मी तिथे एकेक बॅटरी लावून पाहायचो, कोणाचा गोल भिंतीवर घट्ट पडतो, कोणाचा फिसकटतो. डब्यावर लिहिलेलं अंतर वाचून लोक भुलतात. त्या अंतरावर जो उजेड उरतो तो फार तर पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यात रोही आहे की झुडूप, हेही नीट कळत नाही. गिऱ्हाइकाला हे मी अगदी रंगवून सांगायचो. त्यालाच जोडून आणखी एक गोष्ट सांगायचो. "लांबचं पाहायला जोर लागते भाऊ. पण आपण लांबून दिसाले काही जोर लागत नाही. अंधारात कोणी बिडी पेटवली तरी पार त्या टोकावरून दिसते."

हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगत होतो. आणि घरी मायला दिसत नाही म्हणून बाबांना जास्त जोराची बॅटरी देत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

लांब फेकणारीनं काम बिघडलंच. माय म्हणाली, "दिसते, अन् लगेच जाते."

आम्ही दोघं या वाक्यावर तुटून पडलो. बाबा म्हणाले, हात हलत असेल, बारीक झोत स्लॅबवरून सरकत असेल. म्हणून त्यांनी धुऱ्यावर एक बेचक्याची काठी गाडली आणि बॅटरी तिच्यात टेकवून धरायला लागले. मग मी रुंद उजेडाची आणली, एकाच डोक्यात पुष्कळ एलईडी असलेली. ती लावली की आख्खा धुरा, बाभूळ आणि नाल्याचा काठ एकदम पांढरा व्हायचा. मायला ही जरा बरी वाटली. तिला शोधावी लागायची नाही म्हणे. "शोधा लागत नाही" हे तिचेच शब्द. उजेडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईला उजेड शोधावा का लागतो, हे आम्ही विचारलं नाही.

कारण तोवर आमच्यापुढे नवा प्रश्न आला होता, तापण्याचा. जोराची बॅटरी काही मिनिटांत तापते आणि आपला जीव वाचवायला स्वतःच मंद होते. माय म्हणते ना, दिसते आणि जाते? सापडलं! मला काय आनंद झाला होता. दुकानात बसून मी चार कंपन्यांच्या बॅटऱ्या एकेक करून चालू ठेवल्या आणि मानेशी हात लावून पाहिलं. लोकांना वाटतं, थंड राहते ती चांगली. उलटं आहे. अंग गरम झालं म्हणजे आतली उष्णता बाहेर येतेय. अंग गार आणि उजेड मात्र पडत चाललाय, अशी बॅटरी आतल्या आत जळत असते. शेवटी एक जाड धातूची निवडली. एका बिघडलेल्या अॅम्प्लिफायरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढून तिच्या मानेभोवती क्लिपनं आवळल्या. बाबांना बजावलं, खांद्यावरचा दुपट्टा ओला करून मुठीत धरा आणि त्यानं बॅटरी पकडा. ते बिचारे थंडीत ओला दुपट्टा घेऊन धुऱ्यावर उभे राहायचे.

बॅटरी तापायला मिनिटं लागतात. मायच्या डोळ्यांतून ती मान वळवताच जात होती. एवढा साधा हिशोब मला जमला नाही.

आणि घरात काय कमी घडत होतं? माय चालता चालता चौकटीला खांदा घासायची. न्हाणीजवळची घागर पायानं लवंडायची. मी वर तोंड करून म्हणायचो, "माय, पाहून चाल ना. ध्यान कुठं रायते तुयं?" ती हसून म्हणायची, "म्हातारी झाली बाप्पा मी." माझी बायको एकदा म्हणाली की आईंना एकदा वाशीमला दाखवून आणू. मी म्हटलं, सोंगणी होऊ दे. सोंगणी झाली, मग मळणी आली, मग पोहरादेवीच्या यात्रेत दुकान लावायचं होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुढच्या महिन्यात जाऊ. शेतकऱ्याच्या घरात पुढचा महिना कधी रिकामा नसतो.

त्या पट्ट्यांच्या बॅटरीनंतर सगळं सुरळीत झालं. बाबा बॅटरी हलवत, जिन्यातला बल्ब लागे, भाकर गरम मिळे. बाबा पारावर चार लोकांत सांगायचे, "पोरानं अशी बॅटरी बनवली, बुढीले बराब्बर दिसते." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो आणि मनात फुगायचो. त्या महिन्यांत दोघा गिऱ्हाइकांनी माझ्याकडून तशाच पट्ट्या लावूनही नेल्या.

मग ती संध्याकाळ आली. बाबा वावरातून लवकर निघाले होते. रिठदकडून येणारा ओळखीचा ट्रॅक्टर मिळाला आणि ते दिवेलागणीलाच दारात उतरले. धुऱ्यावर गेले नाहीत, बॅटरी लावलीच नाही. मीही नुकताच दुकानातून आलो होतो आणि अंगणात गाडी लावत होतो. वर स्लॅबवर माय उभी होती, वावराकडे तोंड करून. आम्ही दोघं खाली उभे, बाबा हसून तिला हाक मारणार, तेवढ्यात जिन्यातला बल्ब लागला आणि विझला.

माय एकेक पायरी पायानं चाचपत खाली आली. स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दिसली बॅटरी. भाकर टाका लागते आता."

बाबा तिच्यापासून दोन हातांवर, जरा बाजूला उभे होते. तिला ते दिसले नाहीत. ती त्यांच्या शेजारून स्वयंपाकघरात गेली.

बाबांच्या हातातली ती माझी कारागिरीची बॅटरी मी घेतली. ती गार होती. बाबा आत गेले, चुलीपुढे तिच्याजवळ बसले. या माणसाला बायकोजवळ तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"कधीपासून व?"

ती दचकली. मग तिला कळलं. पीठ मळता मळता म्हणाली, "तुमी थंडीत उभे राहून राह्यले होते. पोरगं एवढं खपून राह्यलं होतं. कितीक बॅटऱ्या आणा लावू त्याले? टाइम झाला का मी बल्ब लावत जाओ."

"अन् मले सांगाले काय झालं होतं?"

"सांगतलं ना बाप्पा. नाई दिसत, नाई दिसत, हेच तर सांगत होती."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

वाशीमला नेलं. तिथून अकोल्याला पाठवलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं खात आत येतो. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? बाबा माझ्याकडे पाहायला लागले आणि मी बाबांकडे. आम्हाला महिना सांगता येईना. बाबा म्हणाले, "ते पत्र्याची बॅटरी होती ना साहेब, तवापासून." डॉक्टरांना काय कळणार. मला मात्र सगळ्या बॅटऱ्या ओळीनं आठवल्या. पत्र्याची असतानाच नेलं असतं तर बरंच वाचलं असतं. लांब फेकणारीच्या वेळी नेलं असतं तरी निम्मं. पट्ट्या आवळत बसलो तेव्हा शेवटचं चाललं होतं. याचं वाईट वाटतं, एवढं म्हणून भागत नाही. रात्री दुकान बंद करताना त्या डब्यांकडे पाहवत नाही.

घरी आल्यावर माय स्लॅबवर जायची बंद झाली. जिना धोक्याचा. बाबाही अंधार पडायच्या आत घरी यायला लागले. भाकर पुढे आली की बाबा गार असो, गरम असो, मुकाट्यानं खायचे. तांब्याचा आवाज आला नाही.

गेल्या हिवाळ्यात मायनंच विषय काढला. "एक डाव मले वर घेऊन चाल. पाहू दे दिसते का."

बाबांना अंधार पडेतो धुऱ्यावर थांबायचा निरोप दिला. मी तिचा हात धरून तिला वर नेलं. वावराकडे काळोख होता आणि थंडी चांगलीच पडली होती. धुऱ्यावर उजेड लागला. मला लगेच दिसला. ती तिथेच पाहत होती, पण जरा डावीकडे.

"लागली का?"

"लागली माय."

मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच उजवीकडे फिरवलं. केस थंड होते. आणखी थोडं. मग हनुवटी किंचित वर केली. ती एकदम थांबली.

"हां! दिसली. काय चांगली दिसून राह्यली रे." मग तिथून नजर न हलवता तिनं विचारलं, "हे नवीन आणली का तू?"

उजेड पिवळा होता. मधेच विझला, बाबांनी थाप मारली असणार, पुन्हा लागला.

"नाही माय. ते जुनी पत्र्याची हाय. दोन सेलची."

मी तिचं डोकं तसंच धरून ठेवलं होतं, हललं तर उजेड जाईल म्हणून.

"हेच दिसत होती मंग," ती म्हणाली. "मानच फिरवा लागत होती."

मग तिनं हात पुढे करून भिंत चाचपली, बटण शोधलं आणि जिन्यातला बल्ब एकदा लावून विझवला. म्हणाली, "चाल, खाली ने मले. ते निंगाले असतीन."