मामांची वीस मिनिटं

माझ्या बायकोच्या मामांइतकं पाणी अख्ख्या खानदेशात कुणी ओतलं नसेल, आणि तेही एकाही झाडाला न घालता. धुळ्यात, देवपुरातल्या एका दवाखान्यात त्यांनी जन्मभर भाजलेल्यांची मलमपट्टी केली. निवृत्त झाले, पण कोण कुठे भाजेल यावरची त्यांची नजर काही हटली नाही. लग्नाला गेले की आधी आचाऱ्याच्या कढईशेजारी भरलेली बादली ठेवणार, मग नवरानवरीकडे बघणार. माझ्या लग्नात सासरे हयात नव्हते म्हणून कन्यादान मामांनीच केलं. माझे पाय धुण्याआधीसुद्धा त्यांनी तांब्यात बोट घालून पाणी गरम नाही ना, ते पाहिलं!

एका दिवाळीत मेहुणीच्या हातावर चकलीचं तेल उडालं. मामांनी आधी तिच्या बांगड्या उतरवल्या, हात सुजला की त्या निघत नाहीत म्हणून, आणि हात नळाखाली धरून घड्याळ बघत बसले. वीस मिनिटं! सासूबाई टूथपेस्ट घेऊन धावल्या, तशी स्वारी अहिराणीत गरजली, "अक्का, ते दातले लावतस, हातले नही!" बर्फ आणणाऱ्यालाही तसंच पिटाळलं. मेहुणी कळवळत होती, तर म्हणतात कसे, "दुखस ना? चांगलं शे!" भाजूनही दुखत नसेल तर जखम खोल, हा त्यांचा सिद्धांत. चेहरा, सांधा, विजेचा झटका, लहान लेकरू, म्हातारं माणूस, यातलं काहीही असलं की थेट दवाखाना, हे ते आरतीसारखं म्हणून दाखवायचे. आम्ही तोंड लपवून हसायचो.

गेल्या हिवाळ्यात पहूरला आमच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांच्या जाळात वांगी भाजत होती आणि मामा बादली घेऊन, चपला काढून, जाळाजवळच बसले होते. बोलता बोलता मला दिसलं, एक निखारा घरंगळून त्यांच्या पायाच्या करंगळीला चिकटलाय आणि मामा आपले हसतायत!

"मामा, पाय!" मी ओरडलो. निखारा झटकला, तर खाली कातडी पांढरीफटक पडलेली.

"काही नही हो जावईबापू. दुखस नही."

सगळे निर्धास्त झाले. माझा चुलतभाऊ तर थंडावा म्हणून कच्चं वांगं चिरून पायाला लावायला निघाला. मी मात्र त्याला अडवलं आणि मामांना विचारलं, "दुखत नाही? मामा, तुमचाच सिद्धांत ना हा?" त्यांनी मान खाली घातली. साखरेच्या आजाराने पायाची जाणीव कधीच गेली होती आणि या माणसाने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

मी विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली त्यांचा पाय धरून बसलो.

"सोडा जावईबापू, हाई बरं दिसस नही."

"गप बसा. अजून अकरा मिनिटं आहेत."

मग स्वच्छ फडकं गुंडाळून थेट जळगावला दवाखान्यात नेलं. करंगळी गेली, पाय वाचला.

आता डॉक्टरांनी रोज पाय तपासायला सांगितलंय. रविवारची पाळी माझी; मी देवपुरात त्यांच्या घरी जातो, त्यांचा पाय धुतो, तळवा नीट बघतो. भाजलेलं काहीच नसतं, काम दोन मिनिटांचं. तरी मामा मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात देतात. मग मीही वीस मिनिटं बसतो.