गेनोची तलवार आणि मोहरीचं जातं

फ्रान्समधल्या दिजाँ गावात फिलिबेर गेनोच्या हातच्या मोहरीच्या चटणीला तोड नव्हती. जातं बापाचं, हातही बापाचाच. पण बायकोला, क्लोदीनला, उमरावीण व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही डोहाळे लागलेच होते. मग काय! द्राक्षांचा मळा विकला आणि राजाच्या चिटणिसाची जागा विकत घेतली. काम काही नाही, पण जागेबरोबर उमरावकी मिळाली आणि मान तर मोप. डोक्यावर खोट्या केसांचा टोप, कमरेला तलवार, चर्चमध्ये पुढचं बाकडं. अट एकच: दुकानात उभं राहून माल विकायचा नाही. विकताना कुणी पाहिलं की उमरावकी गेली, आणि मळा तर आधीच गेलेला!

दुकान मेहुण्याकडे, लाझारकडे गेलं आणि फिलिबेर माडीवर खुर्चीत जाऊन बसला. बसून बसून वेड लागायची पाळी.

"अगं, कच्च्या द्राक्षांचा आंबट रस कमी घातलाय मेल्यानं! इथवर वास येतोय!"

"उमरावांना वास येत नसतो," क्लोदीन ठणकावायची. "गप बसा."

त्यात समोरच्या माडाम द शासिन्यी. घराणं पिढीजात, छप्पर गळकं, जिभेला हाड नाही. "काय रे गेनो, तलवारीनं मोहरी ढवळतोस का?" असं भर चौकात विचारायच्या. हा कधी घसरतोय याचीच त्या वाट बघत होत्या.

एका सकाळी खालून कडवट वास आला. लाझार जातं भरभर फिरवत होता. फिलिबेर धडाधड जिना उतरला. तलवार कठड्यात अडकली, टोप उडून मोहरीच्या पिंपात पडला.

"हळू फिरव, गाढवा! तापली की कडू होते!"

मेहुण्याला ढकलून त्यानं बाह्या सारल्या. दळलं, रस ओतला, बोट चाटलं. नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. अहाहा! किती दिवसांनी जिवात जीव आला! तेवढ्यात कुणीतरी रिकामं मडकं पुढे केलं. त्यानं सवयीनं भरलं.

"घ्या, ताजी आहे. चार सू झाले!"

वर बघतो तर माडाम द शासिन्यी.

जिन्यात क्लोदीन मटकन खाली बसली. फिलिबेरनं बाह्या झटकन खाली ओढल्या. मळा गेला, आता मानही चालला!

"विकत नाही, बाईसाहेब! भेट आहे, भेट! आम्ही उमराव देतो, विकत नाही."

"मग चार सू कोण म्हणालं?"

"लाझार!"

"मीच," लाझारनं मान डोलावली. "आवाज आमचा एकसारखाच."

बाईंनी बोट बुडवून चाटलं. डोळे भरून आले. "महिनाभर त्या लाझारचा कडू काढा गिळतेय मी. भेट म्हणतोस? दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला!"

"मग मी इथं काही पाहिलं नाही." दारातून त्या वळल्या. "आणि गेनोसाहेब, तेवढा टोप बाहेर काढा पिंपातून."

गेनोसाहेब! काढा! फिलिबेर आनंदानं जात्याभोवती नाचला, तलवारीसकट.

दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली. गावातली सगळी जुनी घराणी, प्रत्येकाच्या हातात रिकामं मडकं आणि ओठांवर "गेनोसाहेब".

"अहो, ह्या सगळ्यांना फुकट?" क्लोदीनला रडू की हसू कळेना.

"मग? उमराव झालोय ना आपण," फिलिबेर म्हणाला, आणि बाह्या सारून जात्याला बसला.