टँकरजवळ मी ताईवर ओरडलो

मित्रांनो, सांगायची लाज वाटते, तरी लिहितो.

लातुरात आमच्या गल्लीत आज नऊ दिवसांनी टँकर आला. माझी मोठी बहीण आमच्याकडेच राहते. तिला ओसीडी आहे, म्हणजे कशाला काही टेकलं की ते घाण झालं हा विचार मनातून जात नाही; गोळ्या चालू आहेत. टँकरचा पाइप घागरीच्या काठाला लागला आणि ताईने भरलेली घागर रस्त्यावर ओतून दिली.

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "लोकायला प्यायला न्हाई आन तू सांडायलीस? अक्कल हाय का?"

रांगेतले काही जण हसले. ताई एवढंच म्हणाली, "मलाबी कळतंय रे. हात ऐकत न्हाईत."

दुपारी बायकोने सांगितलं, ताईने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. "माझ्या वाटणीचं मी सांडलं," म्हणते.

तांब्या घेऊन तिच्या खोलीत गेलो. माफी मागितली. बऱ्याच वेळाने ती पाणी प्याली आणि वर मलाच म्हणाली, "जाऊ दे, तूबी थकलास."

ओरडलो मात्र गल्लीसमोर आणि माफी मागितली दार लावून. आता तिचा आजार गल्लीला सांगायला हवा, तिला विचारूनच. तुमच्या घरात असं कुणी असेल तर सांगा, तुम्ही कोणत्या शब्दांत सांगितलंत?